बाबांची रिळं : प्रकल्प नोंदी

४ मार्च २०२५

जुन्या घरगुती फिती आणि कॅसेटींचं खोकं आलं, त्यांच्या डिजिटल प्रती करायच्या. उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका कुटुंबाचं. घरातले गृहस्थ वैमानिक होते, जंगलातल्या वणव्यांवर विमानातून रसायन टाकायचे. सुरुवात शेतावर फवारणी करणाऱ्या दोन मजली पंखांच्या विमानाने, मग नौदलाने विकून टाकलेलं ॲव्हेंजर, शेवटची वर्षं ट्रॅकर. ते गेल्यावर लेकीने माळा आवरला, तेव्हा हे सगळं सापडलं. नोंदी ठेवायला घरच्यांची हरकत नाही, मात्र नावं कुठेही यायला नकोत. म्हणून मी गृहस्थांना 'बाबा' आणि त्यांच्या पत्नीला 'आजी' असं लिहिणार आहे.

मोजदाद: साध्या ८ मिमीची १४ रिळं, सुपर ८ची ९, व्हीएचएस-सीच्या ५ कॅसेट, हाय८च्या ६, मोठी व्हीएचएस १. शिवाय एका पत्र्याच्या डब्यात सुटे तुकडे. खोक्यावर लेकीच्या अक्षरात 'बाबांची रिळं'. आतल्या डब्यांवर पेन्सिलने जेमतेम चार अक्षरं, काहींवर तीही पुसट.

६ मार्च

काहीही यंत्राला लावायच्या आधी वास घेतला. ॲसिटेटची फीत कुजू लागली की तिला व्हिनेगरचा वास येतो, मग ती आक्रसते आणि कडेची भोकं यंत्राच्या दात्यांवर बसत नाहीत. १४ पैकी दोन डबे उघडताच नाकात आंबट झिणझिण्या आल्या. त्या दोघांत आणि संशय वाटलेल्या आणखी तिघांत तपासणीच्या कागदी पट्ट्या ठेवून झाकणं लावली. आज निळ्या आहेत. आम्ल असेल तर हिरव्या होतील, फार असेल तर पिवळ्या.

७ मार्च

एक पट्टी पिवळी, एक हिरवी, तीन निळ्याच. पिवळ्या पट्टीचं रीळ सगळ्यात आधी करायचं आणि बाकीच्यांपासून लांब ठेवायचं. हा वास संसर्गासारखा पसरतो. एका कपाटात ठेवलं तर शेजारचंही लवकर जातं.

१० मार्च

पिवळं रीळ झालं. दातेवाला स्कॅनर वापरला नाही, फीत नुसती रुळांवरून सरकवली. तरी दोन ठिकाणी जोड सुटले, ते बसवले. चित्र मात्र सुरेख टिकलंय. कोडाक्रोम ही कोडॅकची रंगीत फीत अंधारात राहिली असेल तर रंग धरून ठेवते, हे दर वेळी बघूनही दर वेळी बरं वाटतं.

रिळाचं साल फितीनेच सांगितलं. कोडॅक आपल्या फितीच्या कडेला चौकोन, गोल, त्रिकोण अशा बारीक खुणा छापत असे. त्यांवरून फीत बनल्याचं वर्ष कळतं, पण त्याच खुणा वीस वर्षांनी पुन्हा येतात. इथे १९३८ किंवा १९५८ निघालं. १९३८ शक्यच नाही, कारण चित्रात विमान आगीवर ओततंय, आणि हा उद्योग तिथे सुरूच १९५५मध्ये झाला.

ती गोष्ट इथे लिहून ठेवते, पुढे संदर्भाला लागेल. १९५३मध्ये मेंडोसिनो राष्ट्रीय वनात रॅटलस्नेक वणव्यात आग विझवायला गेलेले १५ जण एका रात्रीत गेले. त्या वनाचे अग्निनियंत्रण अधिकारी जो इली यांनी पुढे विलोज गावच्या फवारणीवाल्या वैमानिकांना विचारलं, की विमानातून आगीवर पाणी टाकता येईल का. नोल्टा कुटुंबाने स्टिअरमन या दोन मजली पंखांच्या विमानाच्या पोटाला भोक पाडलं, त्याला बिजागरीचं दार बसवलं, दाराला दोरी. वैमानिकाने दोरी ओढायची, १७० गॅलन पाणी खाली. ऑगस्ट १९५५मध्ये मेंडेनहॉल वणव्यावर व्हान्स नोल्टा यांनी ती पहिल्यांदा खरोखरीच्या आगीवर ओढली. पुढच्या वर्षी अशा सात विमानांचा ताफा उभा राहिला. बाबा त्याच खोऱ्यात भाताच्या शेतांवरून फिरणारे. ते या कामात कसे आले, हे वेगळं विचारायची गरज नाही.

१४ मार्च

एक कोडं. या रिळात स्टिअरमन डोंगराच्या सोंडेवरून खाली येतं, आणि पोटातून जे सुटतं ते पांढरं आहे. दुधासारखं. लेकीने पाठवलेल्या टिपणात मात्र 'आईला आठवतंय, बाबांचा पहिला लाल पडदा' असं आहे.

पहिला संशय स्कॅनरवर. रंगसंतुलन आपोआप होऊ दिलं की यंत्र लाल रंगाला चूक समजून दाबून टाकतं. मागे एका कामात माझ्याच हातून असं झालंय आणि सगळं पुन्हा करावं लागलं होतं. म्हणून सगळे आपोआप पर्याय बंद करून दुसऱ्यांदा स्कॅन केलं. पांढरंच.

दुसरा संशय फितीवर. पण त्याच चौकटीत डाव्या कोपऱ्यात एक मालट्रक उभा आहे, टोमॅटोसारखा लाल. ट्रकचा लाल टिकला आणि विमानातला उडाला, असं कसं होईल?

म्हणजे जे सुटलं ते पांढरंच होतं. सोडियम कॅल्शियम बोरेट. नुसतं पाणी खाली पोचेपर्यंत अर्धं उडून जातं, म्हणून १९५६पासून पाण्यात बोरेट कालवू लागले. त्याचा लगदा झाडाझुडपांना चिकटून राहायचा. या विमानांना 'बोरेट बॉम्बर' हे नाव तेव्हाचंच. पण बोरेट ज्या मातीत पडायचं तिथे पुढे काही उगवेना, म्हणून ते मागे पडलं. आधी बेंटोनाइट माती आली, साठच्या दशकात अमोनियमची फॉस्फेटं आली. त्यांत लोहाचा लाल रंग मिसळतात तो आगीसाठी नाही, मागून येणाऱ्या वैमानिकाला कुठवर टाकून झालंय ते वरून दिसावं म्हणून. फॉस्फेट हे खतच, त्यामुळे माती मरत नाही.

आजींना हे कसं सांगायचं? चूक दाखवल्यासारखं वाटायला नको.

२१ मार्च

फोनवर आजी आणि लेक दोघी. मी आधी काहीच बोलले नाही, चित्र लावलं. आजी बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, हे तर पांढरं. खरंच की. त्यांचे कपडे धुताना बादलीत खडूसारखा गाळ बसायचा." त्यानंतर वीस मिनिटं कपड्यांवरच बोलल्या. खडू, मग मातकट, मग लाल. लाल आल्यावर घरातला प्रत्येक पंचा गुलाबी. पन्नास वर्षांत शेवटचा रंग आधीच्या रंगांवर चढला होता, एवढंच. एक चौकट पाहिली आणि खालचा थर वर आला.

अजूनही त्या 'बोरेट बॉम्बर'च म्हणतात, ट्रॅकरलासुद्धा.

बोलणं ध्वनिमुद्रित केलं (परवानगी घेऊन). यापुढे असंच करायचं: आधी चित्र, प्रश्न नंतर, आणि पहिली पाच मिनिटं आपण गप्प.

२ एप्रिल

वेगाची चूक. माझी.

८ मिमीची रिळं मी १८ फ्रेम प्रतिसेकंद धरून पाठवली होती. लेकीचा निरोप आला: "बाबा असे चालायचे नाहीत." बाबांच्या डाव्या गुडघ्याला जुनी दुखापत होती. ते पाय आधी टेकवायचे, क्षणभर थांबायचे आणि मग भार टाकायचे. माझ्या प्रतीत तो थांबाच नाहीसा झाला होता.

साध्या ८ मिमीचा घरगुती कॅमेरा बहुधा १६वर चालायचा, १८ हा सुपर ८चा वेग. कागदावर फरक किरकोळ वाटतो. विमानाकडे बघून तो कळतही नाही, पंखा काय कुठल्याही वेगात गरगरतोच. पण माणसाची चाल घरच्यांना पाठ असते. १६वर करून पाठवलं. उत्तरात एकच शब्द: "हेच."

सगळी १४ पुन्हा. मूळ स्कॅन एकेका चौकटीचे आहेत, त्यामुळे फिती पुन्हा चालवायची गरज नाही, फक्त वेग लिहायचा.

९ एप्रिल

सुपर ८ला सुरुवात. ही सगळी १९६५ नंतरची, कारण सुपर ८ बाजारात आली तीच तेव्हा. ५० फुटांची कार्ट्रिज, ३ मिनिटं २० सेकंद.

तिसऱ्या रिळात हिवाळ्याचा तळ. धावपट्टीच्या कडेला पंख मिटून बसलेली विमानं. एकावर लेक चढली आहे, सहा-सात वर्षांची असेल. टिपणात लिहिलंय 'ट्रॅकर'. पण पंखांची घडी बघितली की लगेच कळतं. ट्रॅकरचे पंख वर उचलले जाऊन पाठीवर एकमेकांवरून जातात. ॲव्हेंजरचे पंख मुळाशी वळून मागे अंगालगत बसतात, कबुतर बसल्यावर मिटतं तसे. इथे पंख अंगालगत आहेत. शिवाय एकच इंजिन, जाडजूड नाकाचं. हे ॲव्हेंजर. टॉर्पेडो वाहायला बनवलेलं, म्हणून पोट ऐसपैस. त्या पोटातच टाकी बसवायचे. युद्धात त्यात तिघं असायचे, आगीवर एकटा वैमानिक.

शेपटीवरचा टँकर क्रमांक (आगीवर रसायन टाकणाऱ्या विमानाला दिलेला) वाचता येतो, पण एवढ्यावर विमान ठरवायचं नाही. हे क्रमांक एका विमानाकडून दुसऱ्याकडे जात. ओळख पटवायची तर एन-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा, तो इथे पंखाच्या सावलीत गेलाय. यादीत 'ॲव्हेंजर, नोंदणी वाचता येत नाही' असं लिहिलं. अंदाजाने भरलेला रकाना पुढच्या माणसाला फसवतो.

१० एप्रिल

दोन रिळं. वाढदिवस, समुद्रकिनारा, कुत्रा.

१७ एप्रिल

आता एक गोष्ट नीट मांडायला हवी, कारण आठवडाभर ती डोक्यात घोळतेय.

८ मिमीच्या रिळांत पाच-सहा ठिकाणी मी 'रिकामं' असा शेरा मारलाय. नुसतं आकाश. खाली कुंपणाच्या खांबाचं टोक, बाकी काही नाही. पाहण्याच्या प्रतीतून हे गाळायचं ठरवलं होतं. चुकून कळ दाबली गेली असेल असं वाटलं.

आज अकरावं रीळ बारकाईने बघितलं. साध्या ८ मिमीची फीत मुळात १६ मिमी रुंद असते. २५ फूट एका बाजूने चित्रित करायचे, मग सावलीत रीळ उलटून बसवायचं, दुसऱ्या बाजूने परत २५ फूट. धुलाईनंतर मधोमध कापून जोडतात. त्यामुळे प्रत्येक रिळाच्या मध्यावर उजेड शिरल्याची नारिंगी तिरीप असते. एका बाजूला २ मिनिटं ५ सेकंद. या रिळात पहिली बाजू: विमान तळावर भरलं जातंय, बाबा चढतात, विमान जातं. मग तिरीप. दुसरी बाजू: कुंपण आणि आकाश, १ मिनिट ४० सेकंद. एका रिळाची जवळजवळ सगळी दुसरी बाजू.

आणि हे सलग नाही. कॅमेरा चावीचा, एकदा चावी भरली की साधारण अर्धा मिनिट चालायचा. म्हणून चित्राला तीन ठिकाणी हिसका आहे. प्रत्येक हिसक्यानंतर खांबाची सावली सरकलेली. पहिल्या तुकड्यात ती खिळ्याच्या डावीकडे, शेवटच्यात उजवीकडच्या फळीवर. कोणीतरी तासन् तास तिथे उभं होतं, मधूनमधून चावी भरत होतं, आणि महागाची फीत मोकळ्या आभाळावर खर्च करत होतं. शेवटच्या सहा सेकंदांत वरच्या कोपऱ्यात एक ठिपका येतो. पंख दिसायच्या आत फीत संपते.

बाबा विमानात. मग कॅमेरा कोणाच्या हातात होता?

सगळी रिळं या प्रश्नासाठी पुन्हा चाळली. ८ मिमीच्या १४ पैकी १२मध्ये बाबा स्वतः दिसतात. खोक्यावर काही लिहिलेलं असो, ही रिळं त्यांनी काढलेली नाहीत.

२४ एप्रिल

कॅसेट. व्हीएचएस-सी सगळ्या चालल्या. हाय८च्या दोनांवर ठिपके पडतात, कॅसेट यंत्राचं डोकं पुसून तिसऱ्या फेरीला बरं आलं. मूळ प्रत आहे तशीच, एकाआड एक ओळींची, पट्टेदार ठेवली. गुळगुळीत करायची ती पाहण्याच्या प्रतीत.

इथे पहिल्यांदा आवाज. ट्रॅकर सुरू होतंय, जुनं पिस्टनवालं, राइट आर-१८२० इंजिनांची जोडी. पंख्याची पाती एक एक करत फिरतात, एक सिलिंडर खोकतो, मग थांबतो, मग दोन खोकतात, बाजूने निळसर धुराचा लोट, आणि मग सगळे नऊ एकदम पकडतात. कॅमेऱ्याचा मायक्रोफोन तिथे हात टेकतो, नुसता गडगडाट उरतो. पुढे कॅलिफोर्नियाने या विमानांना टर्बाइन इंजिनं बसवली, टाकी ८०० गॅलनवरून १२०० गॅलनची झाली. तो आवाज आता शिट्टीसारखा आहे. खोकत सुरू होणारा हा आवाज पुढच्यांना अशाच घरगुती कॅसेटींवर मिळणार.

लेकीने विचारलं, हाच आवाज मुक्या रिळांवर चढवता येईल का? मी नको म्हटलं, आणि का ते सविस्तर लिहिलं. स्टिअरमनवर ट्रॅकरचा आवाज म्हणजे एका माणसाच्या तोंडी दुसऱ्याचा आवाज. मुकी रिळं मुकी राहू देत, त्यांवर हवा तर आजींचा आवाज देऊ. तिला पटलं.

३० एप्रिल

मोठी व्हीएचएस. पाठीवर बाबांचं अक्षर: 'जून २००२'. लावली, दहा सेकंदांत बंद केली.

टीव्हीवरच्या बातम्यांवरून घेतलेली आहे. १७ जून २००२, कॅलिफोर्नियातलं वॉकर. सी-१३० जातीचं टँकर, ए मालिकेतलं, रसायन टाकून वर उचलत असताना दोन्ही पंख मुळापासून निखळले. तिघे गेले. महिनाभराने, १८ जुलैला, कोलोरॅडोत एस्टेस पार्कजवळ दुसऱ्या महायुद्धातल्या प्रायव्हटिअरचा पंख तुटला, दोघे गेले. तपासात दोन्हीकडे धातूच्या थकव्याने पडलेल्या भेगा निघाल्या. टाकताना विमान एकदम हलकं होतं, नाक वर उचलतं, शिवाय आगीची गरम हवा खालून धक्के देते. दुसऱ्या कामासाठी घडवलेल्या पंखांवर वर्षानुवर्षं हे चाललं होतं. २००४मध्ये अमेरिकेच्या वनसेवेने ३३ मोठ्या टँकर विमानांची कंत्राटं एका फटक्यात रद्द केली.

बाबा तेव्हा निवृत्त झाले होते. त्यांनी ही कॅसेट का करून ठेवली, हे घरात कोणाला ठाऊक नाही. लावलेली कोणी पाहिली नाही. लेक म्हणाली, तू ठरव. मी डिजिटल प्रत केली नाही. चित्रण त्यांचं नाही, आणि ज्यांचे बाबा, भाऊ त्यात गेले त्यांच्यासाठी आणखी एक प्रत जगात नको. पण यादीत ती आहे, पाठीवरच्या अक्षरांसकट, आणि त्या अक्षराचा फोटो काढून ठेवलाय. कॅसेट परत खोक्यात जाईल.

६ मे

हाय८ची शेवटची. नव्वदच्या दशकातली सुट्टी, कॅनडा, व्हँकुव्हर बेटावरचं स्प्रोट तळं. सुट्टीतही माणूस विमानंच बघायला गेला! तळ्यावर लाल-पांढरं मार्टिन मार्स, पाण्यावर उतरणारं विमान. पंखांची लांबी ६१ मीटर. ते पाण्याला पोट टेकवून धावतं, अर्ध्या मिनिटाच्या आत २७,००० लिटर आत, आणि उठतं. कॅमेरा इतका हलतो की पहिल्यांदाच खात्री वाटते, हा बाबांच्याच हातात आहे. मागे आजी हसतायत.

लाकूडतोड कंपन्यांनी मिळून १९५९मध्ये नौदलाच्या चार मार्स घेतल्या होत्या. एक १९६१मध्ये आगीवर असताना पडली, चौघे गेले. एक पुढच्याच वर्षी वादळाने मोडली. उरलेल्या दोघींपैकी हवाई मार्स गेल्या ऑगस्टमध्ये व्हिक्टोरियाजवळच्या संग्रहालयाकडे उडाली, फिलिपीन मार्स या फेब्रुवारीत ॲरिझोनाला. कॅसेटमधली यांपैकी कुठली, हे अजून ठरायचंय.

१५ मे

आजींसोबत अकरावं रीळ. ठरवल्याप्रमाणे काही न सांगता लावलं, १६ फ्रेमवर, न कापता.

विमान गेलं, तिरीप आली, आकाश आलं. आजी एका सरळ सुरात बोलू लागल्या. घर तळाच्या वाटेवर होतं. परतणारं विमान त्यांच्या कुंपणावरून यायचं. एका फेरीला साधारण किती वेळ लागतो हे त्यांना पाठ होतं. तेवढा वेळ होऊन गेला की कॅमेरा घेऊन बाहेर. "नुसतं उभं राहवत नव्हतं गं. हातात काहीतरी लागायचं. आणि डोळ्याला लावलं की कुंपणापलीकडचा धूर दिसायचा नाही, तेवढंच चौकोनी आभाळ." पहिला हिसका आला. "चावी." दुसरा. "चावी." तिसऱ्यानंतर त्या गप्प झाल्या. ठिपका आला तेव्हा मी बघेपर्यंत त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं होतं, वर उजव्या कोपऱ्यात. फीत संपली.

"पुढे दोनदा पंख हलवायचे," त्या म्हणाल्या. "ते कधी फितीत आलंच नाही. फीत आधीच संपलेली असायची."

लेकीला हे ठाऊक नव्हतं. ती बराच वेळ काही बोलली नाही.

मी विचारलं, इतर रिळांतलं आकाशही असंच का? पाचही लावली. त्यांनी चारांचं सांगितलं, कुठला डोंगर, कुठली आग. पाचव्याला म्हणाल्या, "ते खरंच चुकून. तेव्हा कुत्र्याने उडी मारली होती." पाचव्याचा शेवट पुन्हा बघितला. शेपटी आहे, कोपऱ्यात, चार चौकटी.

१६ मे

यादी दुरुस्त केली. 'रिकामं' हे शेरे काढले, जागोजाग आजींचे शब्द आणि ध्वनिमुद्रणातली मिनिटं टाकली. काहीच गाळायचं नाही, पाहण्याच्या प्रतीतूनही नाही. 'चित्रण' या रकान्यात ८ मिमीच्या १२ रिळांपुढे आजींचं नाव, दोघांपुढे बाबांचं. सुपर ८चं अजून त्यांना विचारायचंय.

दोन हार्ड डिस्क तयार, तिसरी प्रत वेगळ्या गावी जाईल. मूळ फिती नव्या, हवा खेळत्या डब्यांत, पिवळ्या पट्टीवाली एकटी. खोक्यावरची चिठ्ठी लेकीने बदलून मागितली आहे. नवी कशी लिहायची ते आजींना विचारून कळवते म्हणाली.